हंगेरियन हॉलमधला रविवार

अमेरिकेहून परत आलेल्या माणसाला लोक पहिला प्रश्न नायगाऱ्याचा विचारतात. मी नायगारा पाहिला नाही. न्यूयॉर्कच्या उंच इमारती पाहिल्या नाहीत. मी पाहिलं ते मिशिगनमधलं ट्रॉय नावाचं उपनगर, तिथल्या एका घरातलं स्वयंपाकघर, आणि डेट्रॉइटच्या नदीकडच्या भागातला हंगेरियन लोकांचा एक जुना हॉल, जिथे रविवारी दुपारी जॅझ वाजवतात. एवढं सांगितल्यावर मिरजेतल्या आमच्या शेजारीणबाईंनी "बरं, बरं" म्हणून विषय बदलला. ज्यांना बदलायचा नसेल त्यांच्यासाठी लिहिते आहे. मात्र आधीच सांगते, ही आनंदाची सहल नव्हती.

माझी थोरली बहीण विजूताई गेल्या नोव्हेंबरात ट्रॉयमध्ये वारली. तेव्हा माझ्या पासपोर्टची मुदत संपलेली होती, त्यामुळे जाता आलं नाही. तिचे यजमान, म्हणजे माझे भाऊजी, डॉक्टर; ऑपरेशनआधी भूल देणारे. आता निवृत्त झालेत. मुलगी एकच, नेहा. ती तिकडेच जन्मली आणि तिकडच्याच दुसऱ्या टोकाला, सिएटलजवळच्या बॉथेलला, औषधांच्या कंपनीत काम करते. यंदा भाऊजींचा फोन आला, "शैला, वर्षाला ये." या वेळी पासपोर्ट तयार होता.

ट्रॉय

सोमवारी संध्याकाळी पोचले. भाऊजी विमानतळावर आले होते. कोट त्यांचाच होता, पण दुसऱ्याचा मागून आणल्यासारखा अंगावर लोंबत होता. गाडीत बसल्यावर मी म्हटलं, तुमचं ते जॅझ नाही का लावत? ताई फोनवर नेहमी कुरकुर करायची की हा मनुष्य गाडीत बसला की त्याची ती वाजंत्री सुरू होते. भाऊजी म्हणाले, "नाही. वर्ष व्हायचंय."

मला नवलच वाटलं. भाऊजी म्हणजे देवळात गेले तर बाहेर चपलांवर लक्ष ठेवायला थांबणारे. त्यांचं जानवं अमेरिकेतल्या पहिल्याच हिवाळ्यात गेलं होतं आणि त्याबद्दल त्यांना कधी खंत वाटली नाही. आणि हाच माणूस वर्षभर गोडधोड करत नव्हता, मंडळाच्या कार्यक्रमाला जात नव्हता, दिवाळीत दाराशी पणती लावली नव्हती, आणि गाणं ऐकत नव्हता. दिवाणखान्यातल्या स्टीरिओवर पांढरी चादर घातलेली होती. टीव्ही चालू असे, पण आवाज बंद करून. बातम्या सांगणारी बाई नुसतीच तोंड हलवत बसायची.

मी एकदा विचारलं, तुमचा तर कशावर विश्वास नाही, मग हे काय? ते म्हणाले, तिच्यासाठी दुसरं काही करता येण्यासारखं उरलेलं नाही, एवढं येतं ते करतो.

बाहेर सगळं करडं होतं. पानं गळून गेलेली, बर्फ अजून पडलेलं नाही, आणि ऊन म्हणून जे काही असतं ते दुपारीच मावळायला लागतं. सकाळी फिरायला जायची माझी सवय. दुसऱ्या दिवशी निघाले तर वाटेत चिटपाखरू नाही. एक गाडी माझ्याजवळ हळू झाली, आतल्या बाईने काच खाली करून मायेने विचारलं, तुम्ही हरवलात का? मी नाही म्हटलं तरी तिचा विश्वास बसला नाही. पुढच्या वळणापर्यंत ती माझ्या मागेमागे येत राहिली. तिथे पायी चालणारा माणूस म्हणजे हरवलेला माणूस. तीस वर्षं मुलांना भूगोल शिकवला, आणि इथे मला कुणीतरी घरी पोचवायला निघालं होतं.

बुधवारी नेहाचा फोन आला. ती माझ्याशी निम्मं मराठी, निम्मं इंग्रजी बोलते. बापाशी बहुतेक इंग्रजीच. म्हणाली, "मावशी, बाबा हंगेरियन क्लबला पण जात नाहीत. लॉत्सी अंकल कॉल करतात, ही जस्ट सेज नो. आईला हे आवडलं असतं का, टेल मी. यू टॉक टू हिम, प्लीज."

लॉत्सी कोण, हे मला ताईच्या पत्रांमधून थोडं ठाऊक होतं. भाऊजी पहिल्यांदा नोकरीला लागले ते नदीकडच्या एका इस्पितळात. तिथे ऑपरेशन थिएटरमध्ये इलोना नावाची नर्स होती. तिने नव्या लग्नाच्या, थंडीने गारठलेल्या, शाकाहारी जोडप्याला आपल्या लोकांच्या हॉलमध्ये जेवायला नेलं. तिचा नवरा लॉत्सी. आठवडाभर लोकांचे पियानो दुरुस्त करायचा आणि रविवारी हॉलमध्ये स्वतः वाजवायचा. भाऊजींना त्या दिवशी जॅझ लागलं ते लागलंच. ताईला ते समजत नसे, पण लॉत्सीने स्वतः रचलेली एक संथ चीज तिला फार आवडायची. दर रविवारी ती तेवढी एक मागायची. त्या चिजेला नाव नव्हतं, म्हणून हॉलमधली सगळी तिला 'डॉक्टरीणबाईंचं' म्हणायला लागली.

रात्रीच्या जेवणाला मी विषय काढला. भाऊजी म्हणाले, शनिवारी वर्ष संपतंय, रविवारी जाऊ. मग म्हणाले की लॉत्सीचा उजवा हात दोन वर्षांपासून थरथरतो. परवाच्या रविवारी त्याने शेवटचं वाजवलं म्हणे. फोन करून बोलावलं होतं, पण यांनी वर्ष व्हायचंय असं सांगून नाही म्हटलं.

"मग आता कसं ऐकणार?" मी विचारलं.

"अगं, त्याचं दोन वर्षं शेवटचंच चाललंय. वाजवणाऱ्याचं शेवटचं कधी खरं असतं का? माझ्यासाठी बसेल तो. तिचं ते एक वाजवेल." आणि मी आल्यापासून पहिल्यांदा ते हसले. "वर्षभर कानावर काही पडू दिलं नाही, शैला. आता पहिलं पडेल ते तेच."

तेव्हा मला कळलं की ते वर्ष पाळत होते म्हणजे काय करत होते. उपाशी माणसाने पहिला घास कुठला घ्यायचा ते ठरवून ठेवावं, तसं त्यांनी ठरवून ठेवलं होतं.

शनिवार

गुरुजी बोलावलेले नव्हते. भाऊजी म्हणाले, फोटो ठेवू, तिच्या आवडीचं करू, जेवू. मी भरल्या वांग्यांचा बेत केला, वरण, भात, कढी, आणि वर्ष संपतंय म्हणून थोडी खीर. इंडियन ग्रोसरीतली वांगी बिचारी प्रवासाने थकलेली होती, पण निभावलं. ताईच्या फोटोपुढे पान वाढलं. मग आम्ही दोघं बसलो. घरात भांड्यांशिवाय आवाज नव्हता.

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, सप्तमीला मी मिरजेत ताईच्या नावाने शिधा दिला.

भाऊजींनी वर पाहिलं. "कुठली सप्तमी?"

"कार्तिक वद्य सप्तमी. ताईची तिथी."

"ती कधी झाली?"

"मी निघायच्या आधी. मागच्या आठवड्यात, मंगळवारी."

त्यांनी हातातला घास पानात ठेवला. मी मात्र मास्तरीण ती मास्तरीणच. आपले महिने चंद्रावर चालतात, त्यामुळे अधिक महिना मध्ये आला नाही तर तिथी तारखेच्या दहाएक दिवस आधी येते, वगैरे सगळं त्यांना वर्गात सांगावं तसं सांगितलं. सांगून झाल्यावर त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"म्हणजे तिचं वर्ष मंगळवारीच झालं होतं," ते म्हणाले.

"तिथीनं झालं होतं. तुम्ही शनिवार सोयीसाठी धरलाय असं मला वाटलं. तुमच्याकडे गणपतीसुद्धा वीकेंडला बसतात ना."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. मंगळवारी वर्ष झालं होतं आणि लॉत्सी त्यानंतरच्या रविवारी वाजवायला बसला होता. भाऊजींनी जायला हरकत नव्हती. कसलीच हरकत नव्हती. त्या रविवारी ते याच घरात, आवाज बंद केलेल्या टीव्हीसमोर बसून होते. मी दुसऱ्याच दिवशी पोचले.

"असो," शेवटी ते म्हणाले. "उद्या आहेच." आणि उठून हात धुवायला गेले. खीर तशीच राहिली.

हॉल

ट्रॉयहून फ्रीवेने अर्धापाऊण तास लागला. वाटेत पूल लागतो, खाली कारखाने, धुरांडी, आणि नदीपलीकडे दिसतो तो कॅनडा. पूल उतरल्यावर घरं विरळ होत जातात. एका ओळीत चार घरं, मग मोकळं गवत, मग एकच घर, त्याच्याही खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या. भाऊजी म्हणाले, इथे पूर्वी सगळी हंगेरियन वस्ती होती, बेकऱ्या होत्या, खाटकाची दुकानं होती, चर्चमधून गर्दी बाहेर पडायची. आता हॉल राहिला आहे. माणसं लांबलांबून गाड्या चालवत येतात आणि तीही बहुतेक साठीच्या पुढची.

हॉल विटांचा, दर्शनी भाग साधा. आत आलं की कोबी आणि कांदा परतल्याचा वास. लांबलचक टेबलं, त्यांवर प्लास्टिकची फुलाफुलांची कापडं, समोर छोटं स्टेज. आपल्याकडच्या मंगल कार्यालयात दुपारच्या पंगतीनंतर जसं वाटतं तसं वाटलं. दाराशी एक पाटी होती, वाजवणं चालू असताना फोन खिशात ठेवा. भाऊजी म्हणाले, ती लॉत्सीची पाटी आहे. ज्याला ऐकायचं त्याने इथे येऊन ऐकावं, असं त्याचं म्हणणं.

स्वयंपाकघराच्या खिडकीशी इलोना उभी होती. पांढऱ्या केसांची, ठेंगणी, हातात डाव. तिने भाऊजींना पाहिलं, डाव खाली ठेवला, बाहेर आली आणि त्यांना मिठी मारून उभी राहिली. मग मला म्हणाली की तुझ्या बहिणीला गाडी चालवायला मी शिकवलं, तिने माझ्या गाडीचा आरसा मोडला होता. हे ताईने आम्हाला कधी कळवलं नव्हतं.

तिने आमच्यापुढे बशा ठेवल्या. कोबीच्या पानात भात भरून केलेल्या सुरळ्या, खास मांस न घालता. ताईसाठी करायची म्हणून अजूनही थोड्या तशा करते म्हणाली. वर लाल रस्सा. रंग ब्याडगी मिरचीचा, पण तिखट म्हणाल तर शून्य. गोडाला खसखशीच्या सारणाची गुंडाळी. आपण अनारशाला चिमूटभर खसखस लावतो, ही माणसं मूठमूठ भरतात. चांगलं होतं सगळं. भाऊजींचं लक्ष बशीकडे नव्हतं. ते स्टेजकडे पाहत होते.

स्टेजवर पियानो होता. त्याच्यापुढे चाळिशीतला एक टकला गृहस्थ बसला होता. तो लॉत्सी नव्हता.

लॉत्सी भिंतीकडच्या टेबलाशी बसलेला होता. उंच, खांदे पडलेले, डोक्यावर टोपी. उजवा हात त्याने डाव्या हाताखाली दाबून धरला होता. भाऊजी त्याच्यासमोर जाऊन बसले, मी शेजारी. लॉत्सी इंग्रजीत म्हणाला, "तू आला नाहीस."

भाऊजींनी त्याला आमचं वर्ष समजावून सांगितलं. मग कालचं तिथीचंही सांगितलं. चुकलं माझं, असं इंग्रजीत म्हणाले.

लॉत्सीने शांतपणे ऐकून घेतलं. वर्ष आमच्यातही असतं, तो म्हणाला. त्याचे वडील गेले तेव्हा आईने वर्षभर काळे कपडे घातले होते, नाचाला गेली नव्हती. पण वडिलांना पुरायला नेलं त्या दिवशी गावातले वाजवणारे मागून चालत होते आणि वडिलांचं आवडतं गाणं वाजवत होते. "आमच्यात दुःखाच्या दिवशी वाजवणं थांबवत नाहीत," तो म्हणाला. "ज्याला रडू येत नाही, त्याच्यासाठी वाजवतात."

मग त्याने सांगितलं की त्या रविवारी त्याने सुरुवात लांबवली होती, बरीच. लोक चुळबुळायला लागले. भाऊजींची आणि ताईची खुर्ची मोकळी ठेवलेली होती. शेवटी बसला आणि सगळ्यात शेवटी डॉक्टरीणबाईंचं वाजवलं. "हात थांबला होता. का ते माहीत नाही. तेवढ्यापुरता थांबला. इतकं चांगलं मी तरुणपणीही वाजवलं नव्हतं."

"आज एकदा," भाऊजी म्हणाले. "थोडंसं. मला चुका चालतील."

लॉत्सीने मान हलवली. "मला चालणार नाहीत. आज वाजवलं तर शेवटचं हे होईल, वासंत. मला शेवटचं ते राहू दे."

भाऊजींचं नाव वसंत. तो पहिल्यापासून वासंत म्हणत असावा. भाऊजींनी पुन्हा विचारलं नाही. वाजवणाऱ्या माणसाला दुसऱ्यांदा विचारायचं नसतं, हे मिरजेत वाढलेल्या मलाही कळतं. तरी मला लॉत्सीचा राग आला. दोन मिनिटं वाजवलं असतं तर काय बिघडलं असतं? माझ्या बहिणीचा नवरा वर्षभर तोंड मिटून बसला होता आणि याला आपल्या शेवटाची काळजी. तो राग अजून पुरता गेलेला नाही, आणि लॉत्सीचं चुकलं असंही मला म्हणता येत नाही.

इलोना चहा घेऊन आली. मी हळूच विचारलं, कुणी रेकॉर्ड केलं असेल ना? तिने दाराशी असलेल्या पाटीकडे पाहिलं. "त्याच्यासमोर कोण फोन काढणार?" ती म्हणाली.

मग स्टेजवर वाजवायला सुरुवात झाली. पियानोवर तो टकला, उभ्या मोठ्या बेसवर लॉत्सीचा पुतण्या, ड्रमवर ऐंशीच्या घरातले एक काळे गृहस्थ, जन्मभर मोटारीच्या कारखान्यात काम केलेले, आणि सॅक्सोफोनवर बुडापेस्टहून शिकायला आलेली एक मुलगी. मी जॅझ असं समोर बसून कधी ऐकलं नव्हतं. आधी सगळे मिळून एक चाल मांडतात, मग एकेक जण तिच्यातून निघून आपल्या वाटेने हिंडून येतो, बाकीचे ठेका धरून त्याची वाट पाहतात. हे मला ओळखीचं वाटलं. ओळखीचं नव्हतं ते लोकांचं वागणं. आपल्याकडे मैफलीत कुणी बशीत काटा वाजवला तर सगळे वळून बघतील. इथे खाणं चालूच, आणि कुणी आपली फेरी संपवली की मध्येच टाळ्या. त्या मुलीने एक सूर असा काही लांबवला की माझ्या तोंडून मोठ्याने "वा" गेलं. ड्रमवरच्या आजोबांनी माझ्याकडे पाहून मान झुकवली. त्या दिवसातलं चांगलं आठवावं असं तेवढंच.

भाऊजी ऐकत होते की नाही कळत नव्हतं. इतरांबरोबर टाळ्या वाजवत होते, जरा उशिरा. एका संथ चालीला मी त्यांच्याकडे चोरून पाहिलं, आता तरी डोळे भरतील म्हणून. कोरडे होते. त्यांनी वर्षभर राखून ठेवलेल्या जागेत हे बसत नव्हतं. लॉत्सी टेबलाखाली डाव्या हाताने मांडीवर बोटं चालवत होता. तो कुठली चाल चालवत होता कोण जाणे. स्टेजवरची नक्की नव्हती.

निघताना लॉत्सी उठून दारापर्यंत आला. पुढच्या रविवारी ये, म्हणाला. भाऊजी म्हणाले, बघतो. हॉल कधीपर्यंत राहील सांगता येत नाही, जागेला गिऱ्हाईक आलं आहे, असं इलोनाने मला आधीच सांगितलं होतं.

परतताना

पुलावर अंधार पडायला लागला होता, घड्याळात जेमतेम पाच. माझ्या मांडीवर इलोनाने बांधून दिलेला कोबीच्या सुरळ्यांचा डबा. रस्त्याकडेच्या दुकानांवर थँक्सगिव्हिंगच्या टर्कीच्या जाहिराती. नेहा गुरुवारी येणार होती, त्याबद्दल मी काहीबाही बोलले. भाऊजी हूं हूं करत राहिले. रेडिओ बंदच होता. आता वर्ष संपलं होतं, लावायला हरकत नव्हती, पण मला सुचवायचा धीर झाला नाही.

बऱ्याच वेळाने ते आपणहून बोलले.

"शैला, मला यातलं कधी काही लक्षात ठेवावं लागलं नाही. आज एकादशी आहे, उद्या अमुक आहे, परवा आईचं श्राद्ध आहे, सगळं विजूच सांगायची. मी आपला विचारायचो आणि ती सांगायची. सबंध वर्ष मी हे पाळलं आणि ते कधी संपतं हे कुणाला तरी विचारावं असं माझ्या डोक्यातच आलं नाही. तारीख धरून बसलो."

मी म्हटलं, मला विचारायचं होतंत.

"तुला नाही," ते म्हणाले. "परवासुद्धा मी तिलाच हाक मारणार होतो. विजू, तुझं वर्ष कधी आहे गं, असं."

त्यांनी सिग्नल दिला, गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. मग स्टिअरिंगवर डोकं टेकवून ते रडले. शेजारून ट्रक जात होते, प्रत्येक ट्रकबरोबर आमची गाडी हलत होती. त्यांना घाई नव्हती, आणि मलाही कुठे जायचं नव्हतं.